दाहाच्या वाटेवरचे दोन विकर

गुडघा सुजला, दात ठणकला की आपल्या घरात कुठल्यातरी डब्यात एखादी गोळी सापडतेच. या सुजेला हकीम 'वरम' म्हणत आले, वैद्य 'शोथ'. आजचे शास्त्र त्याला दाह म्हणते. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही त्याची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवली होती. पण गोळीने हा दाह का शमतो, हे कळायला १९७१ साल उजाडावे लागले.

औषध मात्र त्याच्या कितीतरी आधी आले. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने वाळुंजाच्या सालीची पूड सुमारे ५० तापकऱ्यांना देऊन पाहिली आणि त्यांना उतार पडल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. पुढे त्याच कुळातल्या रसायनावर जर्मनीत काम झाले आणि १८९९ मध्ये बायर कंपनीने 'अॅस्पिरिन' हे नाव बाजारात आणले. त्यानंतर सत्तर वर्षे जग ही गोळी खात होते. ती काम का करते, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हते.

लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ते सांगितले. पेशीला इजा झाली की तिच्या आवरणातून एक स्निग्धाम्ल सुटते. सायक्लोऑक्सिजनेज (कॉक्स) नावाचे एन्झाइम, म्हणजे विकर, त्याच्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनवायला सुरुवात करते. हे प्रोस्टाग्लँडिन म्हणजे शरीरातला निरोप्या. रक्तवाहिन्यांनी रुंदावे, वेदना वाढावी, ताप चढावा, असे निरोप तो पोचवतो. अॅस्पिरिन या विकरालाच अडवते. पण तोच निरोप्या जठराच्या अस्तराची राखणही करतो. म्हणूनच दुखण्याच्या गोळीने पोटात व्रण होतात. या कामासाठी व्हेन यांना १९८२ मध्ये बर्गस्ट्रोम आणि सॅम्युएलसन यांच्यासह नोबेल मिळाले.

१९९० च्या सुमारास कळले की हे विकर दोन प्रकारचे आहे. कॉक्स-१ जठराची आणि रक्तातल्या बिंबिकांची रोजची कामे पाहते. कॉक्स-२ मुख्यतः दाह झाला की वाढते. मग दुसऱ्यालाच अडवले, तर वेदना जाईल आणि पोटही वाचेल! आता साल वाटून पाहण्याची गरज नव्हती, विकराचा आराखडा समोर ठेवून औषध घडवता येणार होते. १९९८ च्या डिसेंबरात अमेरिकेत सेलेकॉक्सिबला परवानगी मिळाली. १९९९ मध्ये मर्क कंपनीचे रोफेकॉक्सिब, म्हणजेच 'व्हायॉक्स', आले.

अडचण या वाटेच्या दुसऱ्या फाट्यावर होती. रक्तवाहिनीच्या भिंतीत प्रोस्टासायक्लिन बनते आणि ते गुठळी होऊ देत नाही. व्हेन यांच्याच चमूने १९७६ मध्ये ते शोधले होते. उलट बिंबिकांमधले थ्रॉम्बॉक्सेन गुठळीला मदत करते. थ्रॉम्बॉक्सेन कॉक्स-१ मुळे बनते, तर प्रोस्टासायक्लिन बरेचसे कॉक्स-२ वर अवलंबून असते. एकट्या कॉक्स-२ ला अडवले की तराजू गुठळीकडे झुकतो. ही शंका १९९९ मध्येच गॅरेट फिट्झजेराल्ड यांच्या गटाने मांडली होती.

२००० साली आठ हजारांहून अधिक संधिवाताच्या रुग्णांवरच्या चाचणीत व्हायॉक्समुळे पोटाचे गंभीर त्रास नेप्रोक्सेनच्या तुलनेत निम्म्यावर आले. हृदयविकाराचे झटके मात्र सुमारे चौपट आढळले. कंपनीने अर्थ लावला, की आमचे औषध घातक नाही, नेप्रोक्सेनच हृदयाला जपते. विक्री चालूच राहिली. अखेर औषधाविना गोळी घेणाऱ्यांशी तुलना करणाऱ्या दुसऱ्या चाचणीतही धोका दिसला, तेव्हा ३० सप्टेंबर २००४ रोजी औषध मागे घेण्यात आले. भारतातही त्याच वर्षी बंदी आली. २००७ मध्ये अमेरिकेतले हजारो दावे मिटवण्यासाठी मर्कने ४८५ कोटी डॉलर मान्य केले.

शास्त्राने काढलेली वाट खोटी नव्हती. पण तिचा एकच फाटा पाहून बाजार धावला आणि दुसऱ्या फाट्याकडे बोट दाखवणारे आकडे समोर असताना सोयीचा अर्थ निवडला गेला.

हे प्रकरण केवळ इतिहासजमा झालेले नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या नेहमीच्या गोळ्याही याच विकरांना अडवतात. पोट, मूत्रपिंड आणि हृदय या तिन्हींना त्यांचा धोका असू शकतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी रोज घेऊ देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली कमी मात्रेची अॅस्पिरिन हीसुद्धा 'दुखण्याचीच गोळी' समजून परस्पर बंद करू नका. ती बिंबिकांमधल्या कॉक्स-१ ला अडवते, म्हणूनच दिलेली असते.