हैदराबादच्या क्लोरोफॉर्म-मंडळाची साक्ष

औषधाने रोगी दगावला की त्याचा जाब दोन ठिकाणी विचारला जातो. रुग्णालयात डॉक्टर विचारतो, असे पुन्हा घडू नये म्हणून काय करावे? न्यायासनासमोर न्यायाधीश विचारतो, अपराध कोणाचा? दोघांनाही उत्तर हवे असते ते त्या औषधाचे गुणधर्म जाणणाऱ्या तिसऱ्याच माणसाकडून. अशा तज्ज्ञांच्या साक्षीचे एक विलक्षण प्रकरण १८८८ व १८८९ या दोन वर्षांत निजामाच्या हैदराबाद शहरी घडले. ज्या औषधाविषयी ती साक्ष घेतली गेली ते औषध म्हणजे क्लोरोफॉर्म.

नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरो येथील जेम्स यंग सिम्प्सन याने क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. शस्त्रक्रियेच्या टेबलावर बांधून ठेवलेल्या रोग्यांच्या किंकाळ्या ज्यांनी ऐकल्या होत्या, त्यांना हे औषध म्हणजे ईश्वरी प्रसाद वाटला असल्यास नवल नाही. पण पुरते तीन महिनेही लोटले नाहीत तोच, २८ जानेवारी १८४८ रोजी, न्यूकॅसलजवळच्या एका खेड्यात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म हुंगवले असता एकदोन मिनिटांत गतप्राण झाली. कॉरोनरची चौकशी झाली. क्लोरोफॉर्मच्या परिणामाने फुप्फुसांत रक्त साकळून मृत्यू आला, यात डॉक्टरचा दोष नाही, असा पंचांनी निर्णय दिला. सिम्प्सनला तो मान्य झाला नाही. मुलीला शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात पाणी व ब्रँडी ओतली गेली होती. त्यानेच तिचा श्वास कोंडला, असे त्याचे म्हणणे. लंडनचा जॉन स्नो मात्र औषधाने हृदयच बंद पाडले असे सांगू लागला. एक प्रेत आणि तीन मते! वादाला तेथे तोंड फुटले ते पुढे साठ वर्षे मिटले नाही.

वरवर पाहता हा वाद पंडितांचा वाटेल. श्वास आधी थांबला काय किंवा हृदय आधी थांबले काय, मेलेल्याला त्याचे काय? पण जिवंतांच्या दृष्टीने त्यात फार मोठे अंतर होते. क्लोरोफॉर्म मनात येईल तेव्हा हृदयावर घाव घालते असे ठरले, तर ते देणारा डॉक्टर निर्दोष सुटतो. मात्र ते औषध वापरणेच जोखमीचे होऊन बसते. उलट, ते केवळ श्वासोच्छ्वास मंद करीत करीतच मारते असे ठरले, तर श्वासावर नीट लक्ष ठेवणाऱ्याच्या हातून कोणी मरावयास नको, आणि मेलाच तर तो देणाऱ्याच्या हयगयीने मेला. म्हणजे औषधाला निर्दोष ठरविण्याची किंमत डॉक्टरने अपराधी होऊन चुकवावयाची.

ही किंमत आनंदाने चुकवावयास तयार असलेला एक मनुष्य हैदराबादेत होता. त्याचे नाव एडवर्ड लॉरी. तो तेथील रेसिडेन्सी सर्जन होता आणि १८४६ साली स्थापन झालेल्या हैदराबाद मेडिकल स्कूलची सूत्रेही त्याच्याच हाती होती. एडिंबरोचा नामांकित शल्यवैद्य जेम्स साइम हा त्याचा गुरू. नाडीकडे पाहू नका, श्वासाकडे पाहा, ही साइमची शिकवण लॉरीने एखाद्या धर्मवचनासारखी उराशी धरली होती. अफजलगंजच्या रुग्णालयात रोज क्लोरोफॉर्म दिले जाई आणि लॉरीच्या शिष्यांना नाडीवर बोट ठेवण्याचीही मनाई असे. गुरुभक्तीचा हा अतिरेक म्हणावा, पण त्या रुग्णालयातील यशही नाकारण्याजोगे नव्हते.

लॉरीच्या आग्रहावरून १८८८ मध्ये निजाम सरकारने पहिले क्लोरोफॉर्म-मंडळ नेमले. कुत्र्यांवर प्रयोग झाले. प्रत्येक वेळी श्वास आधी थांबला, हृदय मागाहून. मंडळाने साइमच्या मताला दुजोरा दिला. हे वृत्त लंडनला पोहोचले तेव्हा 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने नापसंती दर्शविली. युरोपातील अनेक संशोधकांचा अनुभव वेगळा आहे, एका दूरच्या संस्थानातील प्रयोगांनी तो पुसला जात नाही, असा त्या टीकेचा रोख होता. यावर हैदराबादकडून जे उत्तर गेले ते त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले आणि 'लॅन्सेट'ने आपल्याच पसंतीचा तज्ज्ञ हैदराबादला पाठवून प्रयोग पुन्हा करून पाहावेत असे सुचविले. प्रतिपक्षाचा साक्षीदार आपल्या खर्चाने बोलावण्याचे हे औदार्य न्यायालयांच्या इतिहासातही विरळाच सापडेल.

'लॅन्सेट'ने निवडलेला तज्ज्ञ तितकाच तोलामोलाचा होता. डॉक्टर लॉडर ब्रंटन हा लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील वैद्य, औषधिविज्ञानावरील मान्यताप्राप्त ग्रंथाचा कर्ता. हृदयशूलावर अमिल नायट्राइटचा उपयोग त्याने १८६७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी दाखवून दिला होता. क्लोरोफॉर्म हृदय बंद पाडू शकते, या मताचा तो होता. ऑक्टोबर १८८९ मध्ये तो हैदराबादेत उतरला आणि डिसेंबरपर्यंत प्रयोग अखंड चालले.

प्रयोगांची रीत अशी. प्राण्याच्या मानेतील रक्तवाहिनीस पाऱ्याची नळी जोडावयाची. नळीतील पारा रक्तदाबाप्रमाणे वर-खाली होई. त्यावर तरंगणाऱ्या काडीच्या टोकाने, घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटे. श्वासाची रेघ निराळी. या कागदांची छायाचित्रे घेऊन ठेवली गेली, म्हणजे पुढे कोणालाही ती तपासता यावीत. कुत्री, माकडे, घोडे, बकऱ्या, मांजरे, ससे मिळून चारशेंहून अधिक प्राणी या कामी आले. आजच्या वाचकाचे मन त्या आकड्याने कळवळेल, आणि ते योग्यच आहे. ब्रंटनने हृदयाला खिंडीत गाठण्याचे नाना उपाय केले. फॉस्फरस खाऊ घालून प्राण्यांची हृदये दुबळी केली, गुंगी अपुरी असता वेदना देऊन पाहिले. रक्तदाब हळूहळू उतरे, श्वास थांबे, आणि त्यानंतरही हृदय काही काळ चालूच राही. ब्रंटनने आपले मत बदलले आणि तसे तारेने लंडनला कळविले.

या धामधुमीत मेडिकल स्कूलमध्ये एक पारशी तरुणी शिकत होती. रूपाबाई फरदूनजी हे तिचे नाव. १८८५ च्या सुमारास दाखल झालेल्या पहिल्या पाच विद्यार्थिनींपैकी ती एक. १८८९ मध्ये तिने 'हकीम' ही पदवी मिळविली आणि पुढे अनेक वर्षे हैदराबादच्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देण्याचेच काम केले. केवळ भूल देण्याच्या कामास वाहून घेतलेल्या जगातील पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. ज्या खुर्चीवरून श्वास मोजावयाचा, आणि काही विपरीत घडल्यास लॉरीच्या सिद्धान्ताप्रमाणे सारा दोष माथी घ्यावयाचा, त्या खुर्चीवर ही स्त्री बसली. १९०९ मध्ये ती एडिंबरोला जाऊन पदार्थविज्ञान व रसायन शिकून आली, कारण आपण हुंगवतो त्या वाफेचे स्वरूप तिला मुळापासून जाणून घ्यावयाचे होते.

दुसऱ्या मंडळाचा अहवाल १८९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील व्यावहारिक नियम आजही कोणी नावे ठेवू नयेत असे आहेत. रोग्याला उताणे निजवावे, गळ्याभोवतीचे व छातीवरचे कपडे सैल करावेत, हनुवटी वर धरून श्वासाची वाट मोकळी ठेवावी, झटापट होऊ देऊ नये, बुबुळ स्पर्शाला प्रतिसाद देईनासे होताच औषध काढावे, श्वास अडखळताच कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करावा. या नियमांनी किती जीव वाचले असतील याची गणती कोणी केलेली नाही. पण अहवाल येथे थांबला नाही. धोका गुदमरण्याचा किंवा अतिमात्रेचा, हृदयावर प्रत्यक्ष आघाताचा मुळीच नाही, असे त्याने ठासून सांगितले.

आणि माणसे तर मरतच होती. हॅना ग्रीनरप्रमाणेच, किरकोळ शस्त्रक्रियेत, गुंगी पुरती चढण्याआधी, भ्यालेली, धडपडणारी तरुण माणसे एकाएकी पांढरीफटक पडून जात होती. शवविच्छेदनात काहीच सापडत नसे. १८९३ मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल व शोर यांनी, क्लोरोफॉर्ममिश्रित रक्त केवळ मेंदूकडेच जाईल अशी योजना करून, रक्तदाब उतरतो तो मुख्यतः हृदयावरील परिणामाने, असे दाखविले. तरी त्या आकस्मिक मृत्यूंचे कोडे सुटले नाही. ते सोडविले लंडनच्या गुडमन लेव्ही याने, १९११ मध्ये. मांजरांना त्याने क्लोरोफॉर्म भरपूर न देता अगदी थोडे दिले. हलक्या गुंगीत असता भय वा उत्तेजना झाली, किंवा अ‍ॅड्रेनॅलिन टोचले, की हृदयाचे स्नायू एका तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागत आणि क्षणात सारे संपे. थरथरून थांबलेल्या हृदयावर काहीच खूण राहत नाही, म्हणून शवविच्छेदनात काही दिसत नसे.

हैदराबादचे प्रयोग खोटे नव्हते. काजळीवरच्या रेघा खऱ्या होत्या. पण तेथे औषध बहुधा पुष्कळ दिले गेले, आणि पुष्कळ औषधाने येणारा मृत्यू श्वासाच्याच वाटेने येतो. शिवाय कुत्र्याचे हृदय या बाबतीत मांजराच्या हृदयाइतके हळवे नाही. शेकडो वेळा जे दिसले नाही ते असूच शकत नाही, असे मंडळाने म्हटले. तेथे साक्षीदाराने न्यायाधीशाची जागा घेतली. मधल्या वीस वर्षांत हलकी गुंगी सुरक्षित समजून ज्या डॉक्टरांनी हात आखडता घेतला, आणि रोगी गेल्यावर निष्काळजी म्हणून बोल ऐकला, त्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत.

साक्षीदाराने कोठे थांबावे आणि न्यायाधीशाने कोठून पुढे जावे, हा प्रश्न भारतातील कायद्यालाही सोडवावा लागला आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ४५ व्या कलमाने शास्त्रज्ञाचे मत पुराव्यात ग्राह्य धरले. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असून तेथे हीच तरतूद ३९ व्या कलमात आहे. मत ग्राह्य म्हणजे बंधनकारक नव्हे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, डॉक्टरवर निष्काळजीपणाचा फौजदारी खटला भरण्यापूर्वी त्या विषयातील निःपक्षपाती जाणकाराचे मत घ्यावे.

पुढे २०१० मध्ये त्याच न्यायालयापुढे प्रकरण आले ते नेमके हैदराबादचे. थंडीताप भरलेल्या एका स्त्रीवर तेथील एका रुग्णालयात विषमज्वराची औषधे चालू राहिली. ताप होता हिवतापाचा, आणि ती स्त्री दगावली. ज्या ताफ्यातील डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू असतात हे रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी पाहिले, तेही शेजारच्या सिकंदराबादेत, हा योगायोग मनाला चटका लावणारा आहे. जिल्हा ग्राहक मंचाने तिच्या पतीला २ लाख रुपये भरपाई देवविली होती. तज्ज्ञाची साक्ष झाली नाही एवढ्यावर राज्य आयोगाने तो निकाल फिरविला. सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निर्णय रद्द केला. चूक उघड दिसत असेल तेथे प्रत्येक दाव्यात तज्ज्ञ उभा केलाच पाहिजे असे नाही, तो केव्हा हवा हे मंचाने प्रकरण पाहून ठरवावे, असे सांगून न्यायालयाने जिल्हा मंचाचा हुकूम कायम केला.