करड्या ठिपक्यांचं कोडं

पांढऱ्या कागदावर काळे चौकोन, मध्ये थोडी जागा सोडून, ओळीने काढा. मधल्या पांढऱ्या गल्ल्या जिथे एकमेकींना छेदतात, त्या चौकांत पुसट करडे ठिपके दिसतील. त्यातल्या एकाकडे थेट बघा, तो गायब! कागदावर ठिपका नाहीच. मग तो येतो कुठून?

1870 साली लुडिमार हेर्मान हे जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांचं ध्वनीवरचं पुस्तक वाचत होते. त्यातल्या काळ्या चौकोनी आकृत्यांच्या मधल्या फटींत त्यांना हे ठिपके दिसले आणि त्यांनी ते नोंदवून ठेवले. पण यामागे पेशी नेमकं काय करतात, हे सांगायला आधी एकेका पेशीचे संदेश टिपता यायला हवे होते.

ते 1953 मध्ये स्टीफन कफलर यांनी मांजराच्या दृष्टिपटलावर करून दाखवलं. तिथली प्रत्येक गँग्लिऑन पेशी एक छोटं गोल क्षेत्र सांभाळते. काही पेशींत मध्यावर प्रकाश पडला की संदेश वाढतात, कडेवर पडला की दबतात. काहींत याच्या उलट. 1960 मध्ये ग्युंटर बाउमगार्टनर यांनी हेच ठिपक्यांना लावलं. चौकात पेशीच्या कडेवर चारही बाजूंनी पांढरं येतं, गल्लीत फक्त दोन बाजूंनी. म्हणून चौकातली पेशी जास्त दबते आणि तिथे अंधुक दिसतं. थेट बघताना काम करणाऱ्या पेशींची क्षेत्रं इतकी लहान असतात की ती गल्लीतच मावतात, त्यामुळे ठिपका जातो.

किती सुबक उत्तर! पाठ्यपुस्तकांनी ते उचललं, आणि परीक्षेत आपणही तेच लिहितो.

पण आता चौकोनांच्या सरळ कडा थोड्या नागमोडी करा. चौकात पांढरं जवळपास तेवढंच राहतं, तरी ठिपके नाहीसे होतात. हे हंगेरीच्या यानोश गायर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये मांडलं. त्याआधी 2005 मध्ये पीटर शिलर आणि क्रिस्टीना कार्व्ही यांनीही जुन्या उत्तरावर बोट ठेवलं होतं. त्यांचा रोख मेंदूच्या दृष्टी-भागातल्या, रेषांची दिशा ओळखणाऱ्या पेशींकडे होता.

म्हणजे कफलर चुकले का? अजिबात नाही. त्यांच्या पेशी खऱ्याच आहेत. फक्त ठिपक्यांचं कारण तेवढ्यावर भागत नाही. तुमच्या विषयातलं असंच एखादं सुबक उत्तर घ्या आणि विचारा: इथली कोणती कड वाकवली तर हे कोसळेल? संशोधनाचा प्रस्ताव लिहायला तिथून सुरुवात करता येते.