दोन कोसांत बारा शतके

1682चा मार्च. बऱ्हाणपूरहून निघालेली बादशाही फौज औरंगाबादेकडे सरकते आहे. घाट चढण्याआधी माणसं, बैल, उंट सगळेच फर्दापुरात अडकलेत आणि तुम्हाला पाय टेकायलाही जागा नाही. उन्हाचा कडाका असा की सराईच्या भिंतीलगतच्या हातभर सावलीवरून भांडणं चालली आहेत. त्याच सावलीत एक म्हातारा मांडीवर चिलखत पसरून बसलाय. तुम्ही शेजारी टेकता. तो वर न बघताच म्हणतो, "बसा, पण हात चालवावे लागतील."

चिलखताच्या काखेत वीतभर भोक आहे. घाम, गंज आणि कुणाचा तरी भाला, तिघांनी मिळून केलेलं. म्हातारा दोन डब्या पुढे सरकवतो. एका डबीत बंद कड्या, अखंड, कुठेही सांधा नसलेल्या. दुसरीत उघड्या कड्या. त्यांची टोकं एकमेकांवर चढवून ठोकून चपटी केलेली, आणि त्या चपट्या जागेत सुईच्या टोकाएवढं भोक. तुम्ही उघडी कडी फाकवता, तिच्यात चार बंद कड्या ओवता, दोन वरच्या ओळीच्या, दोन खालच्या. मग टोकं जुळवायची, भोकात लोखंडाची बारीकशी खीळ घालायची आणि ऐरणीवर एक टोला. एकच. दुसरा मारलात तर चपटी जागा फाटते. हे तुम्हाला सांगितलं जात नाही, फाटल्यावर कळतं.

बंद ओळ, उघडी ओळ, पुन्हा बंद. दोन्ही ओळींना खिळा मारण्यापेक्षा अर्धं काम वाचतं. हिंदुस्थानातल्या आणि इराणच्या पुष्कळ चिलखतांत हीच रीत दिसते. सिनेमात राजे जे घालतात ते बहुतेकदा विणलेल्या सुताला चंदेरी रंग मारलेलं असतं, नाहीतर नुसत्या टोकाला टोक भिडवलेल्या ॲल्युमिनियमच्या कड्यांचं. कॅमेऱ्यापुढे ते चालतंही. पण टोक भिडवलेली कडी भाल्याच्या एका धक्क्याला तोंड उघडते. खिळ्याची कडी सहसा दाद देत नाही. अख्ख्या अंगरख्याला अशा वीस-तीस हजार कड्या लागतात आणि वजन दहा किलोच्या आसपास भरतं. याच मुलखात, बावीस वर्षांपूर्वी, प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफजलखानाला भेटले ते अंगरख्याच्या आत चिलखत घालूनच. म्हाताऱ्यासमोर तुम्ही हे नाव काढत नाही, फौज कुणाची आहे ते तुमच्या लक्षात आहे.

एक गोष्ट मात्र तो आपणहून सांगतो. तुम्ही केलेला तुकडा उचलून तळहातावर टाकतो. तुकडा फळीसारखा ताठ उभा राहतो. "पोट कमी पडलं," म्हणतो. तारेच्या जाडीच्या चौपट तरी कडीचं पोट, म्हणजे आतली पोकळी, हवं. कमी झालं की जाळी आखडते, फार वाढलं की ढिली पडते आणि बाण आत येतो. लोखंडाचं कापड होणार की पत्रा, हे कडीच्या पोटावर ठरतं. हातोडीचा त्यात काही संबंध नाही.

मग तो तुम्हाला पाण्याला पिटाळतो.

मशक घेऊन तुम्ही वाघूरच्या काठाकाठाने निघता. जेमतेम दोन कोसांवर दरी घोड्याच्या नालेसारखी वळते. या वळणात काय आहे ते फौजेतल्या कुणाच्या गावीही नाही. झाडोऱ्याने अजिंठ्याची लेणी झाकून टाकलीत, वटवाघळं आणि गुराखी एवढेच तिथले रहिवासी. वाघाच्या मागावर इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ इथे यायला अजून 137 वर्षं आहेत. पण तुम्ही वळण घेता तसा झाडोरा मागे हटतो, पाण्याच्या आवाजात छिन्नीचा आवाज मिसळतो आणि कड्यावरून दगडाचा भुगा तुमच्या डोक्यावर पडतो. इसवी सन 470च्या आगेमागे. वाकाटक हरिषेण राज्य करतोय आणि ऋषिक देशाचा मांडलिक राजा, धाकटा भाऊ रविसांब गेल्याच्या दुःखात, सतरावं लेणं कोरवून घेतोय.

पाण्याकाठी एक सोनार शेगडी पेटवून बसलाय. तो भोगवर्धनचा, आपल्या आजच्या भोकरदनचा. गाव जुनं, व्यापाराच्या वाटेवरचं. तिथल्या लोकांच्या देणग्यांचे लेख दूर सांचीच्या स्तूपावर सापडतात. त्याच्याकडे भोकांची पट्टी नाही, तार ओढून काढायची रीत अजून त्याच्यापर्यंत आलेली नाही. तो सोन्याचा पत्रा ठोकतो, चिंचोळी पट्टी कापतो, पिळतो आणि दोन गुळगुळीत फळ्यांमध्ये लाटतो. शेवया वळाव्यात तशी तार फळ्यांखालून बाहेर पडते. नीट बघितलंत तर तिच्या अंगावर पिळाची बारीक रेघ दिसते.

आता तुमच्या सरावलेल्या हातांना चमत्कारिक वाटेल असं काम. फर्दापूरचा म्हातारा कडी ओवून मग बंद करायचा. हा आधी बंद करतो. प्रत्येक कडीला टाकणखार लावून, फुंकणीने जाळ मारून, डाग देऊन पक्की. बंद कडीत कडी जाणार कशी? तो चिमट्याने कडी ताणतो, ती लांबट होते. मधोमध दुमडतो. दोन्ही टोकांचे फासे शेजारी येतात, त्यांतून पुढची लांबट कडी आरपार काढतो आणि तीही दुमडतो. प्रत्येक कडी दोन कड्यांतून ओवली की साखळी चौकोनी गोफासारखी दिसते. शेवटी ती लाकडातल्या भोकातून सावकाश ओढतो, म्हणजे कमी-जास्त फासे एका मापात बसतात. तक्षशिलेच्या सिर्कपमध्ये सापडलेले कितीतरी सोन्याचे सर याच घडणीचे आहेत. मराठी घरात लग्नाला काढला जातो तो गोफ आज निराळ्या तऱ्हेने बनतो, पण हाताला लागतो तसाच.

तुम्ही हात पुढे करता. तो साखळी तुमच्या तळहातावर सोडतो. ती पाण्यासारखी बोटांमधून ओघळते. पोट बरोबर आहे.

दोन कारागीर, मध्ये बारा शतकं. एक अंग राखण्यासाठी लोखंड मऊ करतो, दुसरा अंग सजवण्यासाठी सोनं. एकाच ओढ्याचं पाणी पितात. मला स्वतःला सोनाराची रीत जास्त अवघड वाटते, कारण त्याला चूक उसवून काढता येत नाही. डाग दिलेली कडी कापली की गेली.

संध्याकाळी तो तुम्हाला घेऊन सतराव्या लेण्यात चढतो, राजवाड्याचं काम असलं की चित्रकाराला दागिना दाखवावा लागतो म्हणून. आत तेलाचे दिवे आहेत. भिंतीवरच्या गिलाव्यात भाताचा कोंडा अजून दिसतो. चित्रकार आरशात बघणाऱ्या राजकन्येवर काम करतोय. शेजारी दासी चवरी घेऊन उभी. राजकन्येच्या अंगावर दागिनेच दागिने, आणि त्यातल्या सोन्यात गुंजभर सोनं नाही, सगळी पिवडी. काळं काजळीचं. निळा तेवढा परका, बदख्शानच्या दगडाचा, म्हणून तो चमच्याने नाही, काडीने घेतला जातो. मोती काढताना चित्रकार दाट पांढऱ्याचा ठिपका ठेवतो आणि कुंचला झटकन उचलतो. ठिपक्याला उंचवटा येतो, दिवा तिरका धरला की मोती चमकतो.

सोनार नाकाला नाक लावून चित्र बघतो. हार, बाजूबंद, कमरेचे सर. सर कुठे लोंबायला हवेत, कुठे अंगाला टेकायला हवेत, सगळं मनातल्या मनात तोलतो. मान हलवतो, म्हणजे पसंत. मग विचारतो, "फासा कुठंय?"

"मागे. मानेवर."

"मग हार काढायचा कसा?"

"हिला काढायचा नाहीये," चित्रकार म्हणतो.

सोनाराला हे पटत नाही. ज्याला फासा नाही तो दागिना नव्हे, असं त्याचं म्हणणं. आपल्या कमरेची साखळी सोडून तो दिव्यापाशी धरतो आणि एस आकाराची आकडी कडीत कशी अडकते ते दोनदा दाखवतो. चित्रकार बघतो, कुंचला पांढऱ्यात बुडवतो आणि पुढच्या मोत्याकडे वळतो. तुमच्या खांद्यावरची मशक अजून रिकामीच आहे. फर्दापुरात म्हातारा तहानलेला आहे आणि काखेतलं भोक बोटभर उरलंय.