ॲनिमेच्या गृहआवृत्त्या : चित्र व ध्वनी यांची तुलना

घरी पाहण्यासाठी विक्रीला आलेल्या जपानी ॲनिमे चित्रपटांच्या व मालिकांच्या व्हीएचएस, लेझरडिस्क, डीव्हीडी, ब्लू-रे आणि अल्ट्रा एचडी ब्लू-रे या आवृत्त्या. गाजलेल्या कृतीच्या अशा अनेक आवृत्त्या निघतात. त्यांतल्या चित्राची व आवाजाची प्रत एकसारखी नसते आणि नंतरची आवृत्ती आधीच्यापेक्षा सरस असतेच असेही नाही. तबकडीचा प्रकार फक्त कमाल मर्यादा ठरवतो. तबकडी कोणत्या मास्टरवरून, म्हणजे मूळ प्रतीवरून, काढली आणि त्या मास्टरवर कोणते संस्कार झाले, हे तुलना करणाऱ्याला आधी शोधावे लागते.

माध्यमे : ॲनिमे आणि घरगुती व्हिडिओ यांचे नाते जुने आहे. डिसेंबर १९८३मध्ये मामोरु ओशिई यांची ‘डॅलोस’ थेट व्हिडिओवर विकायला आली आणि चित्रपटगृह व दूरचित्रवाणी दोन्ही टाळून निघणाऱ्या ॲनिमेचा, म्हणजे ओव्हीएचा, प्रकार सुरू झाला. त्या काळच्या व्हीएचएस फितीवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतका तपशील टिके, लेझरडिस्कवर सव्वाचारशेच्या आसपास. लेझरडिस्कचे चित्र ॲनालॉग असले तरी तिच्यावर सीडीच्या तोडीचा, न दाबलेला डिजिटल आवाज ठेवता येई. त्यामुळे पुढे आलेल्या डीव्हीडीचे चित्र स्वच्छ, पण डॉल्बी डिजिटलमध्ये दाबलेला आवाज जुन्या लेझरडिस्कहून उणा, असा उलटा प्रकारही काही शीर्षकांत घडला.

डीव्हीडी जपानमध्ये १९९६च्या अखेरीस आली. सुरुवातीच्या कित्येक ॲनिमे डीव्हीडी लेझरडिस्कसाठी केलेल्या मास्टरवरूनच काढल्या गेल्या. ज्या मास्टरमध्ये रंग आणि उजेड एकाच संकेतात मिसळलेले होते, त्यांच्यावरून निघालेल्या तबकड्यांत बारीक काळ्या रेषांच्या कडेला इंद्रधनुषी झाक आणि सरकणारे ठिपके दिसतात. ॲनिमेचे चित्र म्हणजे रेषा आणि सपाट रंग. खऱ्या माणसांच्या चित्रपटात न जाणवणारा हा दोष इथे पहिल्या मिनिटात डोळ्यांत भरतो. दुसरा दोष वेगाच्या रूपांतराचा. सेकंदाला २४ चौकटींचे चित्रण जपान-अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत बसवताना काही चौकटी अर्ध्या-अर्ध्या विभागून पुन्हा वापराव्या लागतात, आणि कॅमेरा आडवा सरकतो तेव्हा पात्रांच्या कडा कंगव्यासारख्या फाटलेल्या दिसतात. युरोपात व भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीत २४ चौकटी सरळ २५च्या वेगाने चालवण्याची सोय आहे. त्यात शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो, आणि सुधारणा केली नसेल तर सगळ्यांचे आवाज अर्ध्या स्वराहून थोडे कमी, पण जाणवण्याइतके वर चढतात.

ब्लू-रेने २००६पासून वेगाच्या या दोन्ही कटकटी जवळपास संपवल्या, कारण तिच्यावर २४ चौकटी जशाच्या तशा ठेवता येतात. डीव्हीडीवर चित्राचा बिटरेट सेकंदाला ९.८ मेगाबिटच्या वर जात नाही, तर ब्लू-रेवर तो ४०पर्यंत जातो. मात्र ही सवलत वापरायची की नाही हे प्रकाशकाच्या हातात असते. जपानमध्ये एका तबकडीवर दोन-तीन भाग घालून ती चढ्या किमतीला विकण्याची प्रथा आहे. अमेरिकी प्रकाशक बारा-तेरा भाग दोन तबकड्यांत बसवतात. आकाशाच्या निळ्या छटांत पायऱ्या-पायऱ्या दिसू लागल्या की तबकडीत दाटी झाल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. तरी केवळ बिटरेटचा आकडा पाहून निकाल देणेही चूक ठरते. चांगल्या हाताने दाबलेले वीस मेगाबिट निष्काळजी पस्तीसांना हरवू शकतात.

मूळ सामग्री : १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ॲनिमे पारदर्शक सेलवर रंगवून फिल्मवर चित्रित होत असे, मालिका बहुधा १६ मिलिमीटरवर, चित्रपट ३५वर. त्यानंतर काही वर्षांतच रंगकाम आणि चित्रण संगणकावर गेले. (‘साझाए-सान’ ही एकटी मालिका सेलला २०१३पर्यंत धरून होती.) या संक्रमणातून एक विसंगती निर्माण झाली. फिल्म जपून ठेवली असेल तर ती आज पुन्हा स्कॅन करून ब्लू-रेला पुरेल इतका तपशील मिळतो. २०००च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातल्या अनेक डिजिटल मालिका मात्र त्या वेळच्या दूरचित्रवाणीपुरत्याच, डीव्हीडीएवढ्या आकारात तयार झाल्या. पुन्हा स्कॅन करायला तिथे काहीच नाही. म्हणून १९९८ची ‘काउबॉय बिबॉप’ ब्लू-रेवर खुलते, तर २००३ची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ किंवा जुनी ‘नारुतो’ ब्लू-रेवरही ताणून मोठी केलेलीच दिसते. अशा मालिकांची ब्लू-रे दाबणीचे दोष कमी असतात म्हणून घ्यावी. नवा तपशील तिच्यात शोधू नये. नंतरच्या काळातही अनेक मालिका ७२० रेषांच्या आसपास बनवून १०८०वर नेल्या गेल्या आहेत.

प्रक्षेपित रूप आणि तबकडीवरचे रूप यांतही फरक असतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’च्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने जपानभर शेकडो मुलांना झटके, चक्कर असे त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. त्यानंतर ठरलेल्या नियमांनुसार मारामारीची किंवा स्फोटांची दृश्ये प्रक्षेपणात मंद केली जातात. ब्लू-रेवर हा काळोख बऱ्याचदा काढलेला असतो, पण दरवेळी नाही. याशिवाय घाईत प्रक्षेपित झालेली चित्रे तबकडीसाठी पुन्हा काढली जातात. शाफ्ट या स्टुडिओच्या ‘बाकेमोनोगातारी’ आणि ‘माडोका मॅजिका’ या मालिकांत अशा दुरुस्त्या ठळक आहेत.

‘ड्रॅगन बॉल झेड’ : आवृत्त्यांच्या तुलनेचा सगळा अभ्यासक्रम या एका मालिकेत सापडतो. १९८९ ते १९९६ या काळात तिचे २९१ भाग निघाले, १६ मिलिमीटर फिल्मवर, चौकोनाकडे झुकणाऱ्या ४:३ चौकटीत. जपानमध्ये २००३ साली ‘ड्रॅगन बॉक्स’ नावाचे डीव्हीडी संच निघाले. चौकट अखंड, फिल्मचा कण (ग्रेन) शाबूत, रंग सौम्य. अमेरिकेत हेच मास्टर २००९पासून सात संचांत आले. त्याआधी, २००७मध्ये, अमेरिकी वितरक फनिमेशनने आपल्याकडच्या फिल्मवरून नारिंगी खोक्यांतले संच काढले होते. रुंद पडद्याच्या टीव्हीला साजावे म्हणून चित्र वरून-खालून कापून १६:९ केले. बाजूंना थोडे अधिक दिसले हे खरे, पण उंचीचा जवळजवळ चौथा भाग गेला. हवेत उडणाऱ्या पात्रांची डोकी आणि पाय चौकटीबाहेर जाऊ लागले. त्यावर कण पुसणाऱ्या यंत्राचा जबर वापर झाला. यंत्राला कण आणि बारीक रेषा यांतला भेद कळत नाही. लग्नाच्या अल्बममधल्या गुळगुळीत केलेल्या चेहऱ्यांसारखे नायक गोकूचे तोंड दिसू लागले आणि वेगाच्या दृश्यांत रेषाच विरून गेल्या. दुकानात मात्र हे संच ‘डिजिटली रिमास्टर्ड’ म्हणूनच विकले गेले आणि भरपूर खपले.

त्याच वितरकाने २०११च्या अखेरीस ‘लेव्हल’ नावाचे ब्लू-रे संच सुरू केले : ४:३ चौकट, कण शाबूत, चौकटीगणिक साफसफाई. प्रस्तुत नोंदीच्या मते या मालिकेचे इतके चांगले चित्र आजवर दुसऱ्या कोणत्याही तबकडीवर आलेले नाही. दोन संचांनंतर ते बंद पडले, कारण इतक्या भागांची चौकटीगणिक साफसफाई परवडणारी नव्हती. २०१३पासून पुन्हा कापलेल्या चौकटीची, घासूनपुसून चकचकीत केलेली ब्लू-रे आली. २०१९च्या तिसाव्या वर्धापनदिनाच्या संचात चौकट परत ४:३ झाली, पण कण पुसण्याची खोड राहिली. अखंड मालिका एकाच संग्रहात हवी असेल तर आजही जुन्या ‘ड्रॅगन बॉक्स’ डीव्हीडीकडेच जावे लागते.

आवाजाची कथा याहून चमत्कारिक आहे. प्रक्षेपणासाठी वापरलेल्या चुंबकीय ध्वनिफिती जपून ठेवल्या गेल्या नाहीत. उरला तो फिल्मच्या कडेवरचा प्रकाशीय ध्वनिमार्ग. त्यात उंच स्वर कापलेले आणि एकूण आवाज घुसमटलेला. दुकानातल्या सगळ्या जपानी तबकड्या त्याच्यावरून निघाल्या. दरम्यान नव्वदच्या दशकात घरच्या व्हीसीआरवर प्रक्षेपण टिपून ठेवणाऱ्या रसिकांकडे त्याच भागांचा कितीतरी मोकळा, स्वच्छ आवाज होता. अधिकृत तबकडीला घरगुती फितीने आवाजात मात दिल्याचे इतके सरळ उदाहरण विरळाच. इंग्रजी डबिंगमध्ये शुन्सुके किकुची यांचे पार्श्वसंगीत काढून नवे घातले गेले होते. नारिंगी संचांवर इंग्रजी संवाद आणि जपानी संगीत असा पर्याय मिळाला, ही त्यांची एकमेव जमेची बाजू. याच मालिकेची २००९ची संक्षिप्त आवृत्ती ‘काई’ हिचे संगीत केंजी यामामोतो यांचे होते. उचलेगिरीचा प्रश्न निघाल्यावर २०११मध्ये ते हटवून किकुचींचे जुने संगीत बसवण्यात आले. म्हणजे ‘काई’च्या दोन तबकड्यांवर चित्र एक आणि संगीत दोन, असे होऊ शकते.

रंग : ‘स्पिरिटेड अवे’ची जपानी डीव्हीडी २००२मध्ये निघाली तेव्हा सगळ्या चित्रावर लालसर झाक होती. ग्राहकांनी वितरकाविरुद्ध खटला भरला आणि अखेर समेट झाला. २०१४च्या ब्लू-रेवर ही झाक नाही. या प्रकरणात लक्षात घेण्याजोगे असे की डीव्हीडी एकटी पाहणाऱ्याला काही बिघडल्याचे कळलेच असते असे नाही. डोळा रंगाशी लवकर जुळवून घेतो. चित्रपटगृहातली आठवण, जाहिराती आणि इतर देशांतल्या तबकड्या शेजारी ठेवल्या तेव्हाच तक्रार उभी राहिली. अल्ट्रा एचडीवरच्या एचडीआर, म्हणजे अधिक झगझगीत उजेडाच्या, रंगांबाबतही सावध राहावे. सेलच्या काळात रंगवणाऱ्यांनी तो झगझगाट कल्पिलेला नव्हता.

ध्वनी : जुन्या मालिका एकमार्गी, म्हणजे मोनो, आवाजात बनल्या. पुढे त्यांना ५.१, म्हणजे सहामार्गी, करण्याचा मोह अनावर झाला. ‘इव्हँजेलियन’ या मालिकेच्या २००३मधल्या ‘रिन्यूअल’ आवृत्तीत नवा फिल्म-स्कॅन, चौकटीची थरथर काढून टाकणे आणि ५.१ ध्वनी असे सगळे एकदम झाले आणि ते बहुतांशी जमले. ‘मोबाइल सूट गंडम’च्या १९८१-८२च्या तीन चित्रपटांचे मात्र वेगळे झाले. २०००मध्ये डीव्हीडीसाठी संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि ध्वनिपरिणाम बदलले. चित्रपटगृहातला मोनो आवाज काही वर्षे बाजारातून गायबच होता. तो पुन्हा मिळाला तेव्हा अनेक जाणकारांनी केवळ त्यासाठी नवा संच घेतला, आणि ते योग्यच होते. अमेरिकी तबकडीवर इंग्रजीला ५.१ आणि जपानीला साधा स्टिरिओ हा भेद बऱ्याचदा आढळतो. त्यावरून जपानी आवाज कमअस्सल ठरत नाही, कारण अशी मालिका मुळात स्टिरिओच असते.

‘अकिरा’ (१९८८) हे दुसरे टोक. संवाद आधी मुद्रित करून त्यांवर चित्रे काढलेला हा चित्रपट. २००९च्या जपानी ब्लू-रेवर त्याचा ५.१ ध्वनी १९२ किलोहर्ट्झ, २४ बिट इतक्या प्रतीचा आहे. चित्रपटाचे संगीतकार शोजी यामाशिरो म्हणजेच संशोधक त्सुतोमु ओहाशी. कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतांचाही मेंदूवर परिणाम होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वरचे ऐकू येत नाही, त्यामुळे या आकड्याने हुरळून जाऊ नये. तबकडी उत्तम वाजते ती मिश्रण उत्तम असल्यामुळे. चित्राचे ४के मास्टर वापरून अल्ट्रा एचडी आवृत्ती २०२०मध्ये आली. ३५ मिलिमीटर फिल्ममुळे तिथे वाढीव तपशिलाला अर्थ आहे.

तुलनेची रीत : दोन्ही तबकड्यांतली नेमकी तीच चौकट घ्यावी आणि एकाच पडद्यावर आलटून पालटून पाहावी. डीव्हीडी आणि एचडी यांची रंगसूत्रे वेगळी आहेत; चुकीचे सूत्र लावले तर लाल-हिरवे सरकतात आणि दोष फुकटच तबकडीच्या माथी बसतो. स्थिर चौकटीत दिसणारी गुळगुळीत सफाई चालत्या चित्रात रेषा खाताना पकडली जाते, म्हणून वेगाचे एक दृश्य पाहिलेच पाहिजे. आवाजाची तुलना करताना दोन्ही पातळ्या समान कराव्यात, कारण जो मोठा तो कानाला चांगला वाटतो.

भारतातून पाहताना : भारताचा खरा संबंध असलेला ॲनिमे म्हणजे युगो साको, कोइची सासाकी आणि मुंबईचे राम मोहन यांचा ‘रामायण : द लीजेंड ऑफ प्रिन्स राम’ (१९९२). इथल्या एका पिढीने तो दूरचित्रवाणीवरच्या मळकट प्रतीत पाहिला. अमेरिकी आवृत्तीत काटछाट व वेगळे डबिंग होते; ४के रूपात तो २४ जानेवारी २०२५ रोजी भारतीय चित्रपटगृहांत आला. जुन्या हिंदी डबिंगमध्ये रामाचा आवाज अरुण गोविल यांचा आणि रावणाचा अमरीश पुरी यांचा आहे. नव्या प्रदर्शनासाठी डबिंगही नवे झाले, त्यामुळे ज्यांना तो जुना आवाज हवा त्यांनी चित्र पाहून भुलू नये.

परदेशातून तबकडी मागवणाऱ्याने विभाग-संकेत पाहावा. डीव्हीडीसाठी जपान विभाग २, अमेरिका १ आणि भारत ५ आहे. ब्लू-रेसाठी जपान व अमेरिका दोन्ही ‘ए’, भारत ‘सी’. अल्ट्रा एचडी ब्लू-रेला हे बंधन नाही. जिब्ली स्टुडिओच्या चित्रपटांसारखे अपवाद सोडले तर जपानी तबकडीवर इंग्रजी सबटायटल बहुधा नसतात. पैसे भरण्याआधी आवरणाची मागची बाजू वाचून घ्यावी.