दहा किलोमीटरच्या वर्तुळाची कुळकथा

२०२५ च्या जानेवारीत उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले: बर्ड फ्लू, एच५एन१. लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी भोवतालचे दहा किलोमीटर ‘अलर्ट झोन’ म्हणून जाहीर केले. फेब्रुवारीत तीच पाळी शेजारच्या धाराशिव जिल्ह्यावर आली. तेरणा साखर कारखान्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या ढोकीत कावळे मेले आणि अहवाल तसाच निघाला. पुन्हा नकाशा, पुन्हा वर्तुळ, पुन्हा आसपासच्या कोंबड्यांची तपासणी.

रोगाभोवती वर्तुळ आखायचे, आतले जनावर मारायचे आणि मालकाला पैसे द्यायचे, ही रीत आली कुठून? तिचा मूळपुरुष कोंबडी पाळणारा नव्हता. तो गाईगुरांच्या बुळकांडीने जेरीस आलेला युरोप होता. १७११ नंतर इटलीत बुळकांडीने गोठे ओस पडले, तेव्हा पोपचे वैद्य लान्चिझी यांनी सल्ला दिला की आजारी गुरे मारा, चुन्यात पुरा, गुरांची ने-आण थांबवा. औषधोपचारांत वेळ दवडू नका. १७१४ मध्ये रोग लंडनच्या आसपास पोचला. राजघराण्याचे शल्यवैद्य थॉमस बेट्स यांनी मारण्या-पुरण्याला एक जोड दिली: जो मालक आजार लगेच कळवील त्याला मारलेल्या गाईमागे ४० शिलिंग द्यायचे. काही महिन्यांत साथ आटोक्यात आली. विषाणू नावाची चीज तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. बेट्सना माणसाचा स्वभाव मात्र ठाऊक होता. भरपाई नसेल, तर आजारी गाय रातोरात बाजारात जाते.

याच बुळकांडीशी लढायला १८८९ मध्ये पुण्यात सरकारी जीवाणू प्रयोगशाळा सुरू झाली. थंड हवेसाठी ती पुढे कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला हलवली गेली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था, म्हणजे आयव्हीआरआय, तिचीच वारस. मात्र भारताने गोठ्यातले वर्तुळ रक्ताने आखले नाही. इथे गाय सरसकट मारणे अशक्यच होते, म्हणून वाट लशीची निघाली. मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी बोकडांच्या शरीरात विषाणू वाढवून लस घडवली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचे जाहीर झाले. कोंबड्यांची मान वाकडी करणारी मानमोडी, म्हणजे राणीखेत, भारतात ओळखली तीही एडवर्ड्स यांनीच, आणि तिच्यावरही लसच चालली. पिढ्यान्‌पिढ्या परसातल्या कोंबडीला लस टोचणाऱ्या डॉक्टरांच्या हाती अचानक पोती आणि चुना आला तो बर्ड फ्लूमुळे.

त्या रोगाची वंशावळ वेगळीच आहे. १८७८ मध्ये इटलीच्या पेर्रोन्चितो यांनी कोंबड्यांची एक जीवघेणी साथ नोंदवली. १९०१ मध्ये कळले की तिचे कारण गाळणीतूनही निसटते, आणि ते इन्फ्लुएन्झाच आहे हे कळायला १९५५ उजाडले. १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुरय पक्षी मोठ्या संख्येने मेले आणि रानपक्ष्यांचा या रोगाशी असलेला संबंध उघड झाला. आजचा एच५एन१ मात्र चीनच्या ग्वांगडोंगमधल्या पाळीव हंसांत १९९६ मध्ये सापडलेल्या विषाणूच्या कुळातला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना लागण होऊन ६ दगावली, तेव्हा तिथल्या दहा लाखांहून अधिक कोंबड्या मारण्यात आल्या. लान्चिझींची गोठ्यातली रीत इथे खुराड्यात वापरली गेली.

महाराष्ट्रात ती १८ फेब्रुवारी २००६ ला आली. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला आणि लाखो कोंबड्या खड्ड्यांत गेल्या. महिन्याभरात जळगाव जिल्ह्यातल्या गावांत परसातल्या कोंबड्यांनाही लागण निघाली. पोल्ट्री शेड मोजता येते. झाडावर, छपरावर, शेजाऱ्याच्या अंगणात हिंडणारी गावठी कोंबडी मोजणार कोण? पुढे नियम पक्के झाले. आजच्या कृती आराखड्यात बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरपर्यंतचे पक्षी मारतात आणि दहा किलोमीटरपर्यंत फक्त पाळत ठेवतात. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावी याच नियमाने काम झाले. भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. जो उशिरा कळवतो त्याचेच नुकसान. बेट्सची ४० शिलिंगे या कलमात जशीच्या तशी आली आहेत.

सुक्याबरोबर ओलेही जळते, हा या रितीवरचा जुना आक्षेप. तो अलीकडे मोठ्याने उमटला कॅनडात. ब्रिटिश कोलंबियातल्या एका शहामृग फार्मवर डिसेंबर २०२४ मध्ये एच५एन१ निघाला आणि ६९ शहामृग मेले. वाचलेल्यांत प्रतिकारशक्ती आली आहे, ते संशोधनाला उपयोगी पडतील, असे मालकांचे म्हणणे होते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, फेटाळला गेला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये उरलेले तीनशेहून अधिक शहामृग गोळ्या घालून मारण्यात आले. सरकारी बाजूचे म्हणणे असे की बरा दिसणारा पक्षीही विषाणू सोडू शकतो आणि प्रत्येक नव्या शरीरात विषाणूला बदलायची संधी मिळते. लशीबद्दलची भीती याच जातीची आहे: लस टोचलेली कोंबडी आजारी न दिसता रोग पसरवू शकते. फ्रान्सने २०२३ पासून बदकांना लस दिली, ती कडक तपासणीच्या जोडीने. भारतात या उग्र रोगासाठी अजून खड्डाच आहे.

वर्तुळाचे दुसरे टोक ताटात असते. बर्ड फ्लूची बातमी आली की जिथे रोग नाही तिथलीही चिकनची दुकाने ओस पडतात. वास्तविक ७० अंश सेल्सिअसच्या वर आतपर्यंत शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. आपल्याकडचा रस्सा तर चांगला खदखदतो. धोका आहे तो आजारी कोंबडी उघड्या हातांनी सोलण्यात, कच्च्या मांसाची सुरी धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरण्यात, अर्धकच्च्या अंड्यात.

ढोकीच्या वर्तुळात मात्र बेट्सच्या वेळी नसलेली अडचण आहे. केंद्रस्थानी कावळा आहे. त्याला गोठा नाही, शेड नाही, मालक नाही. रानपक्षी मारून उपयोगही नसतो, कारण हाकलले की ते पांगतात आणि रोग सोबत नेतात. त्यामुळे कावळ्यापुरते हे वर्तुळ मारण्याचे राहत नाही. मेलेला पक्षी हात न लावता कळवायचा, खाटीकखान्याची आणि पोल्ट्रीची घाण उघड्यावर टाकायची नाही, खुराड्यावर जाळी घालायची, एवढेच त्याचे काम. बेट्सच्या शेतकऱ्याला कळवण्याबद्दल ४० शिलिंगे मिळत. मेलेल्या कावळ्याची खबर देणाऱ्याला काहीच मिळत नाही. तरी आसपासची प्रत्येक पोल्ट्री आता त्याच्या फोनवर अवलंबून आहे. जुन्या रितीत भरपाईची तरतूद होती तशी नव्या रितीत ही खबर घेणारी आणि तिच्यावर त्याच दिवशी हलणारी माणसे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात हवीत. ती पदे रिकामी असतील, तर नकाशावर वर्तुळ कितीही नेटके काढले तरी त्याच्या आत कोणी पाहणारे नसेल.