बॉनेटखाली कोण बसलंय? राखाडी फर्ग्युसनच्या बदललेल्या इंजिनाची गोष्ट

बसमध्ये असाल, शेताच्या बांधावर असाल, इयरफोन नीट लावा. आज एक कोडं सोडवायचंय.

इंग्लंडमधलं एखादं जुनं कोठार डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्यात धूळ खात उभा असलेला बुटका, राखाडी ट्रॅक्टर. डॅशवरची पट्टी सांगते 'टीई-२०', म्हणजे फर्ग्युसनचा अगदी सुरुवातीचा नमुना. पण बॉनेट उघडलं की आत भलतंच इंजिन! मग पट्टी खोटी की इंजिन परकं?

आधी थोडा इतिहास. हॅरी फर्ग्युसनचा हा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात बनला. पाच लाखांहून जास्त! महायुद्धात याच कारखान्यात विमानांची इंजिनं बनत होती. ट्रॅक्टर बनवून द्यायची जबाबदारी घेतली स्टँडर्ड मोटर कंपनीनं. हा गडी इतका चिवट, की ४ जानेवारी १९५८ ला एडमंड हिलरी फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊनच दक्षिण ध्रुवावर पोचले.

पण सुरुवातीला एक अडचण होती. स्टँडर्डचं स्वतःचं इंजिन तयारच नव्हतं. म्हणून अमेरिकेतून कॉन्टिनेंटल कंपनीचं 'झेड-१२०' इंजिन मागवलं. १२० म्हणजे १२० घनइंच, साधारण १,९६६ सीसी. १९४७-४८ मध्ये स्टँडर्डचं इंजिन बसायला लागलं आणि नावात एक अक्षर वाढलं: टीईए-२०. पुढे रॉकेलसारख्या स्वस्त इंधनावर चालणारा टीईडी आला, डिझेलचा टीईएफ आला.

म्हणजे पहिला धडा काय? पट्टी ट्रॅक्टरची ओळख सांगते, इंजिनाची नाही. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर वेगळा असतो. स्टँडर्डच्या ट्रॅक्टर इंजिनाचा नंबर 'एस'नं सुरू होतो. तिथं 'टीएस' दिसलं तर दचका! ते इंजिन ट्रायम्फ टीआर स्पोर्ट्स कारचं आहे.

स्पोर्ट्स कारचं इंजिन ट्रॅक्टरात? हो, कारण घराणं एकच. स्टँडर्डनं तेच मूळ इंजिन व्हॅनगार्ड गाडीत घातलं, ट्रायम्फ टीआर-२ मध्येही घातलं. त्यामुळे ट्रॅक्टरचं इंजिन गेलं की शेतकरी भंगारातल्या व्हॅनगार्डकडे बघायचा. पण इथं एक मेख आहे. फर्ग्युसनला वेगळी चासी नाही. पुढचा ॲक्सल इंजिनाला आणि इंजिन मागच्या गिअरबॉक्सला बोल्टनं जोडलेलं. म्हणजे इंजिन हाच ट्रॅक्टरचा कणा. कारचं पत्र्याचं ऑइल चेंबर हा भार कसा पेलणार? म्हणून ब्लॉक कारचा घेतला तरी खाली ट्रॅक्टरचं जाड ओतीव चेंबरच लागतं. आता कोडं आणखी अवघड होतं: वरचं एकाचं, खालचं दुसऱ्याचं!

बरं, सीसी मोजून कळेल? बघू या. या इंजिनात लायनर सुटे असतात, काढून बदलता येतात. चारही सिलिंडरचा स्ट्रोक ९२ मिलिमीटर. बोअर ८० असेल तर १,८५० सीसी, हा पहिला स्टँडर्ड ट्रॅक्टर. ८५ असेल तर २,०८८, म्हणजे नंतरचा ट्रॅक्टर किंवा व्हॅनगार्ड. ८३ असेल तर १,९९१, म्हणजे टीआर-२, कारण दोन लिटरच्या आत राहायचं होतं. मोबाइलवर करून बघा: बोअरचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले स्ट्रोक गुणिले चार. सगळं सेंटिमीटरमध्ये घ्या. पण लक्षात ठेवा, लायनर बदलले असतील तर बोअर आजचं सांगेल, जन्माचं नाही.

काही वेळा मात्र मोजायचीही गरज नसते. स्पार्क प्लग नाहीत, नोझल आहेत? मग डिझेल. नोझल मोजा. चार असतील तर स्टँडर्डचंच डिझेल असू शकतं. तीनच असतील तर बहुतेक पर्किन्सचं 'पी-३'. पीटरबरोच्या पर्किन्स कंपनीनं १९५० च्या दशकात पेट्रोलच्या फर्ग्युसनसाठी असं बदली इंजिन विकलं होतं. शेतकऱ्याचं गणित सरळ होतं: ट्रॅक्टर चांगला आहे, इंधनाचा खर्च परवडत नाही, मग इंजिन बदला.

आता खरा प्रश्न. असा ट्रॅक्टर आज कुणाच्या हाती आला तर काय करावं? पहिली गोष्ट, ओळख पटल्याशिवाय गॅस्केट-पिस्टन मागवू नका. ८० आणि ८५ च्या गोंधळात पैसे पाण्यात जातात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अनेक हौशी लोक 'ओरिजिनल' करायच्या नादात बदललेलं इंजिन काढून फेकतात. विकताना सांगायचं असतं, सगळं कारखान्यातल्यासारखं! पण तो ट्रॅक्टर कारखान्यात काही दिवस होता, शेतात कित्येक दशकं. पर्किन्स बसवणारा शेतकरी कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. त्याचा निर्णय फक्त त्या तीन नोझलमध्ये लिहिलाय.

म्हणून काढायचंच असेल तर आधी नंबर लिहून घ्या, फोटो काढा, आणि घेणाऱ्याला खरं सांगा. पट्टी खोटी नव्हती, इंजिनही परकं नव्हतं. दोघं वेगवेगळ्या वर्षांची साक्ष देत होते.

तुमच्या आजोबांच्या ट्रॅक्टरचं, पंपाचं इंजिन कधी बदललं होतं का? आज घरी विचारा. भेटू पुढच्या भागात!