मोबाईल नाही म्हणून लसीविना माघारी फिरू नका : नोंदणी, कागदपत्रं आणि दुसऱ्या डोसचं गणित

जुलै २०२१ : कोरोनाची लस फुकट आहे आणि १८ वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आहे. तरी वाड्या-वस्त्यांवर अजून बरीच माणसं लसीविना आहेत. कोणाकडे स्मार्टफोन नाही, कोणाला ओटीपीचं समजत नाही, कोणाच्या वस्तीवर रेंज नाही. मे महिन्यात तर बुकिंग उघडताच स्लॉट संपायचे. शहरातली माणसं गाडी करून खेड्यातल्या केंद्रावर लस घेऊन जायची आणि गावची माणसं बाहेर उभी राहायची. आता नियम बदललेत, पण ते सगळ्यांपर्यंत पोचलेले नाहीत.

आतापर्यंत काय झालं?

१६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली. १ मार्चपासून ६० वर्षांवरचे आणि ४५ ते ५९ मधले आजारी लोक, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरचे सगळे, तर १ मेपासून १८ ते ४४ वयाचे लोक त्यात आले. लस कमी पडल्यानं मे महिन्यात राज्यात १८ ते ४४ चं लसीकरण थांबवावं लागलं होतं. २१ जूनपासून केंद्र सरकार कंपन्यांकडून ७५ टक्के लस घेऊन राज्यांना मोफत देतं. उरलेली २५ टक्के खाजगी दवाखान्यांसाठी आहे. तिथं जास्तीत जास्त दर कोविशिल्डला ७८० रुपये, कोवॅक्सिनला १४१० रुपये आहे. सरकारी केंद्रावर एक रुपयाही लागत नाही.

मोबाईलवर नोंदणी केलीच पाहिजे का?

नाही. २१ जूनपासूनच्या नियमानुसार थेट केंद्रावर जाऊनही नोंदणी होते. प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा गावातलं शिबिर, कुठंही हे चालतं. फक्त त्या दिवशी किती डोस आलेत हे आशाताईंना किंवा नर्सबाईंना आधी विचारून निघावं, म्हणजे हेलपाटा वाचतो.

घरून नोंदणी करायची असेल तर कोविन किंवा आरोग्य सेतूवर होते. एका मोबाईल नंबरवर ४ जणांची नोंदणी करता येते. बुकिंग झाल्यावर ४ आकडी कोड येतो, तो केंद्रावर सांगावा लागतो. ओटीपी अनोळखी माणसाला देऊ नये. नोंदणी करून देतो म्हणून आलेली लिंक उघडू नये.

कोणता कागद न्यायचा?

आधारच पाहिजे असं नाही. मतदान ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा फोटो असलेलं पेन्शनचं पुस्तक चालतं. ज्यांच्याकडे कोणताच कागद नाही, अशा भटक्या, निराधार लोकांसाठी प्रशासनानं वेगळं सत्र लावायचं, असा केंद्राचा नियम आहे. अशी माणसं गावात असतील तर सरपंच किंवा ग्रामसेवकांनी त्यांची नावं आरोग्य केंद्राला कळवावीत.

म्हातारी माणसं आणि अपंगांचं काय?

६० वर्षांवरचे आणि अपंग यांच्यासाठी घराजवळ केंद्र लावता येतं. ग्रामपंचायत, शाळा, समाजमंदिर अशी जागा चालते. त्यासाठी ग्रामपंचायतीनं यादी करून मागणी करावी लागते. कोणी मागितलंच नाही तर शिबिर येत नाही.

केंद्रावर थांबायला का लावतात?

कोविशिल्डच्या एका कुपीत १० डोस असतात. कुपी एकदा फोडली की ४ तासांत संपवावी लागते. दोन-तीन माणसांसाठी फोडली तर बाकीचे डोस वाया जातात. म्हणून वस्तीवरच्या आठ-दहा जणांनी मिळून गेलं तर काम लवकर होतं. लस घेतल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं असतं.

दुसरा डोस कधी?

कोविशिल्डचा दुसरा डोस १२ ते १६ आठवड्यांनी, म्हणजे ८४ दिवस झाल्यावर. कोवॅक्सिनचा ४ ते ६ आठवड्यांनी. पहिली जी घेतली तीच दुसऱ्या वेळीही घ्यायची.

इथं एक चूक फार होते. पहिल्या वेळी पोराचा नंबर दिला आणि दुसऱ्या वेळी शेजाऱ्याचा, तर कोविनवर परत पहिलाच डोस दिसतो आणि पूर्ण प्रमाणपत्र मिळत नाही. म्हणून तोच नंबर, तेच ओळखपत्र न्यावं. पहिल्या डोसची तारीख, लसीचं नाव आणि दिलेला नंबर घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

कोणी घ्यायची, कोणी थांबायचं?

कोरोना होऊन गेला असेल तर बरं झाल्यावर ३ महिने थांबायचं. अंगावर दूध पाजणाऱ्या बायका लस घेऊ शकतात. २ जुलैपासून गरोदर बायकांनाही परवानगी मिळाली आहे. पाळीच्या आधी-नंतर पाच दिवस लस घेऊ नये, असा मेसेज फिरतोय, तो खोटा आहे. लस घेतल्यावर ताप, अंगदुखी एक-दोन दिवस राहू शकते. जास्त त्रास झाला तर आरोग्य केंद्रात जावं. शंकेसाठी १०७५ हा मोफत नंबर आहे.

फोन असलेल्यांनी एवढं करावं

ही बातमी ज्याच्या फोनवर आली त्याचं काम बहुतेक झालेलं असेल. राहिलंय ते शेजारच्या आजीचं, सालगड्याच्या घरचं, वस्तीवरच्या एकट्या माणसाचं. आपल्या नंबरवर जागा शिल्लक असेल तर त्यांची नोंदणी करून द्यावी, ओळखपत्राचा फोटो आणि पहिल्या डोसची तारीख फोनमध्ये ठेवावी. ८४ दिवस झाले की त्यांना आठवण करून केंद्रावर न्यावं.